आधी हळद लावा, मग ओटा घ्या!

ग्रॅनाइट, क्वार्ट्झ, कोरियन, मार्बल की आपला जुना कडप्पा? शोरूममध्ये सगळेच दगड देखणे दिसतात. फोडणी, कोकम आणि तापलेला तवा समोर आला की त्यांचं खरं रूप कळतं. आणि हो, तो दगड कापणाऱ्याच्या छातीत काय जातं, हेही एकदा विचारायला हवं.

नव्या फ्लॅटचं पझेशन जवळ आलं की घरात दोन पार्ट्या पडतात. एक पार्टी म्हणते, 'बिल्डर देतोय तोच ओटा ठेवा, कशाला खर्च?' दुसरी पार्टी मोबाइलवर परदेशी किचनचे फोटो दाखवत फिरते. त्या फोटोंमध्ये ओटा पांढराशुभ्र असतो, त्यावर लिंबांनी भरलेला एक बाऊल आणि बाजूला छोटीशी कुंडी. कुकर कुठेय, मिसळणाचा डबा कुठेय, पोळ्यांचं पीठ कुठे सांडलंय, काही पत्ताच नसतो! असल्या किचनमध्ये कोणी कधी कांदाभजी तळली असतील, यावर माझा तरी विश्वास नाही.

सोफा पाच-सात वर्षांनी बदलता येतो. पडदे तर दर दिवाळीला. ओटा मात्र एकदा बसला की बसला. तो बदलायचा म्हणजे सिंक काढा, गॅसची पाइप काढा, खालच्या ट्रॉलीज मोकळ्या करा, आठवडाभर बाहेरून जेवण मागवा आणि वर सोसायटीच्या सेक्रेटरींचं ऐकून घ्या. त्यामुळे ईएमआयच्या गडबडीत 'तुम्हीच ठरवा हो' असं म्हणून इंटिरिअर डिझायनरच्या गळ्यात मारायचा हा विषय नाही.

आमच्याकडे नवरा पांढऱ्या पार्टीत आणि मी काळ्या. दोघंही नोकरी-धंद्यातले, दोघंही स्वयंपाक करणारे, त्यामुळे दोघांनाही मत! शेवटी आम्ही निकाल दगडांवरच सोपवला. एका शनिवारी पुण्यातल्या कात्रज-कोंढवा रस्त्यावरची दगडांची दुकानं पालथी घातली आणि तळहाताएवढे तुकडे सँपल म्हणून मागून आणले. नीट विचारलं तर बहुतेक दुकानदार देतात, लाजू नका. मग बाल्कनीत वर्तमानपत्र पसरून त्या सगळ्यांची तोंडी आणि प्रॅक्टिकल अशी दोन्ही परीक्षा घेतली.

उमेदवारांची ओळख

पहिला मान कडप्प्याचा. आपल्या आई-आजीचा ओटा बहुधा याचाच. आंध्र प्रदेशातल्या कडपा जिल्ह्यावरून त्याला हे नाव पडलं. दिसायला काळा आणि कणखर, पण जातीने हा चुनखडीचा दगड. सगळ्यात स्वस्त आणि सहज मिळणारा. आजही ग्रॅनाइटच्या ओट्याखाली आधाराला उभ्या फळ्या अनेकदा कडप्प्याच्याच असतात. म्हणजे हिरो दुसराच, भार उचलतोय हा!

ग्रॅनाइट हा सध्याचा सिनिअर मोस्ट. कर्नाटक, तेलंगणा, आंध्र, तमिळनाडू, राजस्थान अशा अनेक राज्यांतून तो येतो. इरकली साडीचं गाव म्हणून आपल्याला माहीत असलेलं इलकल लालसर ग्रॅनाइटसाठीही प्रसिद्ध आहे. काळ्यावर सोनेरी ठिपके असलेला 'ब्लॅक गॅलेक्सी' आंध्रातल्या चिमकुर्तीच्या खाणींतला. गंमत म्हणजे दुकानात ज्याला 'ब्लॅक ग्रॅनाइट' म्हणतात, तो भूगर्भशास्त्राच्या हिशेबात बऱ्याचदा ग्रॅनाइट नसतोच. तो गॅब्रो किंवा डोलेराइट असतो, म्हणजे आपल्या सह्याद्रीतल्या बसाल्टचा लांबचा भाऊ. ओट्यासाठी तो अव्वल, त्यामुळे नावावर वाद घालू नका.

मार्बल म्हणजे संगमरवर. देवघराला शोभतो, जिन्याला शोभतो. ओट्यावर का शोभत नाही, ते पुढे कळेलच.

क्वार्ट्झ हा नव्या पिढीचा लाडका. दुकानात त्याला 'स्टोन' म्हणतात, पण हा खाणीतून अखंड निघत नाही. दळलेलं क्वार्ट्झ, रेझिन आणि रंग एकत्र करून, व्हायब्रेशन आणि व्हॅक्युमखाली दाबून त्याची लादी बनवतात. वजनात साधारण नव्वद टक्के दगडाची भुकटी, बाकी मुख्यतः रेझिन. हे तंत्र इटलीतल्या ब्रेटन कंपनीने विकसित केलं. कारखान्यात बनत असल्यामुळे रंग एकसारखा, छिद्रं जवळजवळ नाहीत आणि हवा तसा पांढरा मिळतो. नवरा याच्याच प्रेमात होता.

कोरियन हे खरं तर ड्युपाँट कंपनीचं ब्रँडनेम. १९६७ मध्ये त्यांनी हे मटेरियल शोधलं. पण आपण जशी कुठलीही टूथपेस्ट 'कोलगेट' म्हणतो, तसं दुकानात ॲक्रिलिकच्या अशा कुठल्याही शीटला 'कोरियन' म्हणतात. त्यामुळे पैसे मोजताना ब्रँड कुठला, हे बिलावर लिहून घ्या. याचा प्लस पॉइंट म्हणजे जॉइंट दिसत नाही आणि चरे पडले तर घासून पुन्हा गुळगुळीत करता येतं. मायनस पॉइंट, उष्णतेशी अजिबात पटत नाही.

याशिवाय स्टेनलेस स्टील आहे. हॉटेलच्या किचनमध्ये तेच का असतं? डाग धरत नाही, तापाला घाबरत नाही, धुवायला सोपं. पण घरात चरे दिसतात आणि पातेलं ठेवलं की दणका वाजतो. घ्यायचंच तर ३०४ ग्रेडचं घ्या. आणि सगळ्यात नवा उमेदवार म्हणजे सिंटर्ड स्टोन किंवा पोर्सिलेनची मोठी लादी. ती प्रचंड तापमानाला भाजलेली असते, त्यामुळे ताप आणि डाग दोन्ही झेलते. मात्र पातळ लादीची कड नाजूक असते. लोखंडी खलबत्ता हातून सटकला तर कपचा उडू शकतो. शिवाय ती कापायला सराईत कारागीर लागतो.

पेपर पहिला : हळद

चमचाभर तेलात हळद कालवून प्रत्येक तुकड्यावर एक टिकली लावली आणि रात्रभर ठेवली. हळदी समारंभच म्हणा! सकाळी भांड्यांच्या साबणाने धुतलं. काळा ग्रॅनाइट जसाच्या तसा. कडप्प्यावर तेलाची जरा गडद छटा, पण काळ्यावर काळं, कोण बघतंय? पांढऱ्या क्वार्ट्झवर फिकट पिवळा गोल राहिला. खाण्याच्या सोड्याची पेस्ट करून चोळल्यावर तो बराचसा गेला आणि उरलेला दोन दिवस उन्हात ठेवल्यावर उडाला. (हळदीचा रंग उन्हात उडतो, हे आपल्या आयांना पांढऱ्या शर्टांमुळे कधीच माहीत होतं.) कोरियनवरचा डाग स्क्रबरने निघाला. पांढरा मार्बल मात्र कायमचा पिवळा झाला. त्याच्या बारीक छिद्रांत तेलाबरोबर हळद आत शिरते, मग वरून कितीही घासा.

पेपर दुसरा : लिंबू, कोकम, चिंच

इथे चुनखडीच्या दोन्ही भावांची दांडी उडाली. अर्ध्या तासात मार्बल आणि कडप्पा, दोघांवरही लिंबाच्या फोडीखाली एक निस्तेज, खरखरीत गोल उमटला. हा डाग नाही. आम्लाने दगडाचा पृष्ठभागच खाल्लेला असतो, त्यामुळे तो धुऊन जात नाही. पॉलिश करूनच जातो. आपल्या स्वयंपाकात लिंबू, कोकम, चिंच, ताक, टोमॅटो यांपैकी काही नाही असा दिवस उजाडतो का? आजीच्या कडप्प्यावर सिंकजवळ जे पांढुरके पट्टे दिसायचे, त्यांत या आंबट मंडळींचा मोठा हात होता. ग्रॅनाइट, क्वार्ट्झ, कोरियन या तिघांनाही लिंबाने काही केलं नाही.

पेपर तिसरा : तवा

हा खरा कस. पोळ्या झाल्या, फोन वाजला, हातातला तवा पटकन ओट्यावर टेकवला. असं आपण सगळेच करतो. आता थोडा हिशेब बघा. शिट्टी होताना कुकरच्या आतलं तापमान साधारण १२० अंश सेल्सिअस असतं. तळणीच्या कढईतलं तेल १८० अंशांच्या आसपास. पोळीचा लोखंडी तवा २०० अंशांच्याही वर सहज जातो. आणि क्वार्ट्झमधलं रेझिन साधारण १५० अंशांपुढे बिघडायला लागतं. म्हणजे कुकर एकवेळ चालून जाईल, तवा आणि कढई नाही.

आम्ही तापलेली लोखंडी कढई क्वार्ट्झच्या तुकड्यावर ठेवली. उचलली तेव्हा तिथे तपकिरी कड उमटली होती, ती आजतागायत आहे. ही हळद नव्हे, उन्हाने उडणारी. रेझिनच करपलेलं असतं. कोरियनला तर या पेपरला बसवलंच नाही. ग्रॅनाइटवर तीच कढई ठेवली, गार झाली, उचलली, कपड्याने पुसलं. विषय संपला. तरीही ग्रॅनाइटवर रोज एकाच जागी लालबुंद भांडं ठेवू नये, कारण अचानक तापून कुठलाही दगड तडकू शकतो.

याचा अर्थ क्वार्ट्झ वाईट असा नाही. घरात रोजचं तळण नसेल आणि गरम भांड्याखाली जाळी ठेवायची सवय सगळ्यांना असेल, तर तो सुंदर दिसतो आणि वर्षानुवर्षं टिकतो. पण 'सगळ्यांना' या शब्दात सासूबाई, आई, स्वयंपाकाच्या मावशी आणि रात्री दोन वाजता मॅगी करणारा तुमचा भाऊ, सगळे येतात. प्रामाणिक उत्तर द्या.

जी धूळ ओट्यावर दिसत नाही

दगडाच्या दुकानांमागे कटिंगचं काम चालतं, तेही बघायला गेलो. एका शेडमध्ये मोठ्या मशीनवर लादी कापली जात होती. पात्यावर पाण्याची धार, खाली दुधासारखा चिखल, हवा बरीच स्वच्छ. चार दुकानं सोडून पुढे एक मुलगा उघड्यावर हँड ग्राइंडरने क्वार्ट्झच्या लादीला सिंकचं भोक पाडत होता. पाणी नाही, मास्क नाही, तोंडाला फक्त रुमाल. त्याच्या पापण्या पांढऱ्या झाल्या होत्या. वय असेल जेमतेम बावीस-तेवीस, राजस्थानातून आलेला. पाणी का वापरत नाहीस, विचारलं तर हसला. पाणी मारलं की चिखल होतो, वेळ जातो आणि फ्लॅटवर काम असेल तर सोसायटीवाले ओरडतात, असं त्याचं म्हणणं.

हा पांढरा धुरळा साधा नाही. त्यात स्फटिकी सिलिकाचे अतिसूक्ष्म कण असतात. ते फुप्फुसात खोल जाऊन बसतात, तिथे व्रण होतात आणि हळूहळू श्वास घेणं अवघड होतं. या आजाराचं नाव सिलिकोसिस. तो बरा करणारं औषध नाही. राजस्थानातल्या खाणमजुरांमध्ये तो इतका पसरला आहे की २०१९ मध्ये त्या राज्याने यासाठी स्वतंत्र धोरणच आणलं.

ग्रॅनाइटमध्ये साधारण २० ते ४५ टक्के सिलिका असते, गॅब्रो जातीच्या काळ्या दगडात त्याहून बरीच कमी, मार्बलमध्ये अगदी थोडी. नेहमीच्या क्वार्ट्झ लादीत मात्र ती ९० टक्क्यांच्या आसपास जाते. इस्रायलमधल्या डॉक्टरांनी २०१२ मध्ये अशा लाद्या कापणाऱ्या २५ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांतल्या काहींवर फुप्फुस प्रत्यारोपणाची वेळ आली होती. ऑस्ट्रेलियात तरुण कारागिरांमध्ये हा आजार झपाट्याने दिसू लागला आणि शेवटी १ जुलै २०२४ पासून तिथे अशा लाद्या बनवणं, विकणं, बसवणं यावर बंदी आली. काही कंपन्यांनी आता कमी सिलिका असलेल्या लाद्या बाजारात आणल्या आहेत, म्हणजे प्रश्न त्यांनाही कळलाय.

एक गोष्ट स्पष्ट करते. तुमच्या घरी आधीच क्वार्ट्झचा ओटा असेल तर घाबरू नका. बसवलेल्या ओट्यावर पोळ्या लाटल्याने कोणाला सिलिकोसिस होत नाही. धोका कापताना, घासताना, भोक पाडताना असतो. म्हणजे जो माणूस आपल्या घरात कधी जेवायला येणार नाही, त्याला असतो.

आपण ऑफिसमध्ये एसीचं तापमान दोन अंशांनी वाढलं तरी एचआरला मेल टाकतो. मग आपल्या ओट्यासाठी घाम गाळणाऱ्या मुलाकरता दोन प्रश्न विचारायला काय हरकत आहे? कटिंग पाण्यावर होणार का? सिंक आणि हॉबची भोकं वर्कशॉपमध्येच पाडून आणणार का? यासाठी अचूक माप आधी द्यावं लागतं आणि कदाचित थोडे पैसे जास्त पडतात. पण तुमच्याही बेडरूमपर्यंत धूळ येत नाही. फ्लॅटवर थोडंफार कापावंच लागलं तर बाल्कनीत पाण्याची बादली ठेवा, चिखल पुसून घेऊ म्हणावं. आणि साधा रुमाल नव्हे, बारीक धूळ अडवणारा नीट बसणारा मास्क हवा. मास्कने सगळं भागत नाही, पाणी पहिलं.

दगडाइतकीच महत्त्वाची मापं

दगड ठरला तरी काम संपत नाही. पहिली गोष्ट म्हणजे उंची. गवंडी विचारल्याशिवाय आपल्या सवयीच्या मापाने ओटा बांधून मोकळा होतो. ताठ उभं राहा, कोपर काटकोनात वाकवा. ओटा कोपराच्या चार ते सहा इंच खाली हवा. फार खाली असेल तर कंबर जाते, फार वर असेल तर पोळ्या लाटताना खांदे. घरात दोघं स्वयंपाक करत असाल आणि उंचीत बराच फरक असेल, तर जो जास्त लाटतो त्याचं माप घ्या. आमच्याकडे ते माप नवऱ्याचं निघालं!

दुसरी गोष्ट म्हणजे वजन. २० मिलिमीटर जाडीच्या ग्रॅनाइटचं वजन चौरस फुटाला पाच किलोच्या आसपास भरतं. दहा फूट लांब आणि दोन फूट रुंद ओटा म्हणजे शंभर किलो. खालचा आधार तेवढा मजबूत हवा. सिंक आणि हॉबच्या भोकांभोवती दगड अरुंद उरतो, तडा तिथेच जातो. त्यामुळे तिथे खालून आधार मागा आणि जॉइंट त्या जागी येऊ देऊ नका.

तिसरी गोष्ट पाण्याची. ओट्याला सिंककडे किंचित ढाळ हवा आणि पुढच्या कडेच्या खालच्या बाजूला बारीक खाच हवी. ही खाच नसेल तर ओघळलेलं पाणी दगडाच्या खालून आत जातं आणि ट्रॉलीजचं प्लायवूड फुगतं. करायला काही मिनिटं लागतात, पण सांगितलं नाही तर कोणी करत नाही.

आमचा निकाल? ओटा काळ्या ग्रॅनाइटचा, भिंतीवरच्या डॅडोच्या टाइल्स पांढऱ्या. फोटोला पांढरं, तव्याला काळं. दोन्ही पार्ट्या सत्तेत! तुमचा निकाल वेगळा असू शकतो. एकटे राहत असाल, रविवारीच गॅस पेटत असेल तर फिकट क्वार्ट्झही तुमचं मन रमवेल. भाड्याने द्यायचा फ्लॅट असेल तर डोळे मिटून गडद ग्रॅनाइट. बजेट अगदीच ताणलेलं असेल तर कडप्पाही वाईट नाही, फक्त आंबट सांडलं की लगेच पुसायचं. दगड कुठलाही असो, तो दुकानातल्या फोकस लाइटखाली नाही, तुमच्या ट्यूबलाइटखाली आणि तुमच्या फोडणीसमोर टिकायला हवा.

दुकानात जाताना खिशात ठेवा

• नेलपॉलिश रिमूव्हरचा बोळा : काळ्या ग्रॅनाइटवर घासा. बोळा काळा झाला तर दगडाला रंग मारलाय. नमस्कार करून पुढचं दुकान.

• पाण्याची बाटली : चार थेंब टाका, दहा मिनिटं थांबा. दगड तिथे गडद झाला तर तो पाणी पितो. सीलर लावावा लागेल, तोही अधूनमधून पुन्हा.

• लिंबाची फोड : 'सर, हा मार्बल नाही, क्वार्ट्झच आहे' असं कोणी म्हटलं तर सँपलवर पिळा. चमक गेली की खरं काय ते कळेल.

• टेप : जाडी स्वतः मोजा. सांगितलेली २० मिलिमीटर आणि निघालेली १६, असं होऊ शकतं.

• कागद-पेन : चौरस फुटाच्या रेटमध्ये कटिंग, कडेचं मोल्डिंग, सिंक-हॉबची भोकं, वाहतूक, फिटिंग आणि जीएसटी येतं का, ते एकेक लिहून घ्या. दगड स्वस्त आणि बाकी सगळं महाग, हा नेहमीचा फंडा आहे.

• लादी स्वतः निवडा : ग्रॅनाइटचे दोन तुकडे कधीच सारखे नसतात. तुमची लादी बघा, मागे खडूने नाव लिहा, फोटो काढा.

• घरी आल्यावर मावशींना सांगा : टॉयलेट क्लीनर, ॲसिड, ड्रेन क्लीनर ओट्यावर नाही. साबणाचं पाणी आणि मऊ फडकं, बस्स.

आणि शेवटचा प्रश्न दुकानदाराला, सगळ्यांसमोर, मोठ्याने : "कटिंग पाण्यावरच करता ना?" दहा गिऱ्हाइकांनी विचारलं की अकराव्याच्या आधी नळ जोडला जाईल.